कलम हातोहात जातं

आपांच्या घरात कलम कुणी खाली ठेवायचं नाही. टेबलावर नाही, खिडकीत नाही, सतरंजीवर तर नाहीच नाही. ते एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायचं. देणाऱ्यानं देताना म्हणायचं 'कलम', आणि घेणाऱ्यानं ते धरून आपल्या भाषेत जो काही शब्द असेल तो म्हणायचा. मगच देणाऱ्यानं हात सोडायचा. आम्ही त्यांच्याकडं भाड्यानं राहायला गेलो त्या दिवशी करारावर सही करायला त्यांनी माझ्यापुढं शाईत बुडवलेली बरूची काडी धरली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मी ओढतेय, त्या सोडत नाहीत. नवरा हळूच म्हणाला, अगं काहीतरी म्हण. मी म्हटलं, पेन. आपा हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पेन उडत आलं बाई, ते पाखराचं पीस होय. चालत आलेलं सांगा." माझं डोकं सटकलं होतं. शाळेत पोरं काय कमी डोकं खातात? पण गाव नवीन, खोल्या ऐसपैस, नळ घरात. म्हटलं, लेखणी. तेव्हा कुठं हात सुटला.

ही गोष्ट लोणारची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते, नवरा अकोल्याला नोकरीला, शनिवारी यायचा. मी मेहकरची, त्यामुळं बोली माझीच. नवरा पुण्याकडचा, तो सुरुवातीला आपांशी बोलताना नुसता मान हलवायचा आणि मग आत येऊन मला अर्थ विचारायचा. घरात तिसरी आमची मिनू. तीन वर्षांची व्हायला आली होती आणि एक अक्षर बोलत नव्हती. कान तपासले, जीभ तपासली, बुलढाण्याचे डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे, बोलेल. बोलेल म्हणायला काय जातं? शेजारच्या बाया रोज विचारायच्या, अजून नाही का हो, आणि मी रोज हसून नाही म्हणायची. घरात येऊन भांडी आपटायची.

आपा उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या. उंच, काटकुळ्या, पांढऱ्या ओढणीच्या काठाला कायम शाईचे डाग. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथं दोरा. आवाज मात्र असा खालच्या पट्टीतला, की समोरच्याला पुढं वाकूनच ऐकावं लागायचं. मला नंतर वाटायला लागलं की त्या मुद्दाम तसं बोलतात. गल्लीतल्या कुठल्याही घरी मूल शाळेत घालायचं झालं, मग ते मुसलमानाचं असो का मराठ्याचं, की आधी ते आपांकडं यायचं. आपा त्याच्यासाठी नवीन काडी छिलायच्या, टोक कापायच्या, हातात द्यायच्या, 'कलम' म्हणायच्या. ते बोबडं काहीतरी बोलायचं. झालं. ते कलम मग त्या माणसाचं, जन्मभराचं. पुढं तो डॉक्टर होवो नाहीतर पंक्चर काढो, ती काडी घरात कुठंतरी जपून ठेवलेली असायची.

छिललेला भुसा त्या टाकायच्या नाहीत. एका पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायच्या. मला वाटलं, असेल काही औषधाबिषधाला. विचारलं तर अगदी सहज सांगितलं, चहाला साखर किती टाकू असं विचारावं तशा सुरात, की माझी मय्यत होईल तेव्हा अंघोळीचं पाणी याच्यावर तापवायचं, जुने कातिब लोक असंच करत आले. कातिब म्हणजे हातानं पोथ्या लिहिणारे. मी म्हटलं, बरं. त्या दिवसापासून डब्याजवळून जाताना मी पदर आवरून जायला लागले.

मधल्या खोलीत गेलं की खरं आपांचं घर सुरू व्हायचं. वासे होते, वाशांना दोरे बांधलेले आणि प्रत्येक दोऱ्याला एकेक बरूची काडी. पंखा लागला की सगळ्या एकमेकींवर आपटायच्या, टक टक टक. पंखा बंद असला तरी एखादी हलायची. प्रत्येक काडी म्हणजे एक शब्द. जगात कुठं कुठं लिहायच्या काडीला काय म्हणतात, ते त्यांनी असं टांगून ठेवलं होतं. तोंड वर करून त्या एकेक काडी दाखवत जायच्या. ही तुर्कांची कलेम, ही इराण्यांची, ते 'क' असा काही गिळून म्हणतात की ग वाटावा. ही समुद्रापलीकडच्या हब्श्यांची कलामु, ही बंगाल्याची कोलोम. लिहून का ठेवत नाही, असं मी विचारलं होतं. लिहिलेला शब्द बसून जातो, म्हणाल्या, आणि याला तर चालायचं असतं.

त्यांचं म्हणणं असं होतं. फार फार मागं, यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, देशात एका नदीकाठी बरू वाढला होता आणि तिथली माणसं त्याला जे म्हणायची तेच त्या काडीचंही नाव पडलं. मग एकानं दुसऱ्याच्या हातात काडी दिली, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या. अरबांकडं गेली, इराणात गेली, घोड्यावर बसून आपल्याकडं आली, नावेत बसून आफ्रिकेत गेली. नाव काडीचं बोट धरून गेलं. शब्द एकटा जात नाही, हे त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या. कुणीतरी कुणाला काहीतरी दिल्याशिवाय तो सरकत नाही. यात खरं किती आणि आपांच्या पदरचं किती, हे देव जाणे. यवनांचं नंतर मी नवऱ्याला मोबाईलवर बघायला लावलं, ते बरोबर निघालं. घोड्याचं काही सापडलं नाही.

तळं बघायला परदेशी माणसं येतात. आभाळातून धोंडा पडून झालेलं तळं, लांबून लांबून येतात बिचारी. आपा त्यांना गाठायच्या. एसटी स्टँडवर जायच्या, लॉजच्या दारात उभ्या राहायच्या, आणि पिशवीतून काडी काढून समोर धरायच्या. एक म्हातारा ग्रीक होता, ऊन लागून लाल झालेला. त्याला त्यांनी घरी आणून पोहे खाऊ घातले आणि हातात बरू दिला. तो काडी उलटसुलट करून म्हणाला, कलामी. पेनाला नव्हे, बरूला म्हणाला, त्यांच्याकडं अजूनही बरूला तेच म्हणतात. आपांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. म्हाताऱ्याला कळेना आपलं काय चुकलं. तो जाताना दहा वेळा माफी मागत गेला.

गावातले लोक हसायचे. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू. पण या सगळ्याखाली एक गोष्ट होती आणि ती गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. आपांचा एकुलता एक पोरगा जहाजावर कामाला होता. शेगावहून गाडीत बसला तेव्हा त्यांनी त्याला एवढंच सांगितलं होतं, की जिथं उतरशील तिथलं कलम मला धाड. पोरगं गुणी. प्रत्येक बंदरावर उतरलं की मोबाईलवर आवाज धाडायचं. 'अम्मी, इथं असं म्हणतात,' आणि मग तो शब्द. बस, तेवढंच. खाल्लं का, झोपलो का, काही नाही. आपा लगेच काडी छिलायला बसायच्या. मग एकदा त्यानं कळवलं, की आता जहाज एडनच्या पुढं चाललंय, तिथला शब्द उद्या धाडतो. तो उद्या आला नाही. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, तुमचा मुलगा बंदरावर उतरला तो परत चढला नाही. पुढं ते फोनही उचलेनात. मी राहायला गेले तेव्हा या गोष्टीला बरीच वर्षं झाली होती. पोरगा आहे की नाही, एवढंच आपांना जाणून घ्यायचं होतं. गोऱ्या माणसांच्या मागं धावणं त्याचसाठी होतं. शब्द आधी येतो, माणूस मागून येतं, असं त्या म्हणायच्या. दारावर कुणी आलं की त्यांची मान वळायची ती बघवायची नाही.

दुपारी जेवणं झाली की भिंतीपलीकडून त्या पोराचा आवाज यायचा. आपा जुने आवाज लावून ऐकायच्या, एकामागून एक, रोज त्याच क्रमानं. 'अम्मी, इथं असं म्हणतात.' सुट्टीच्या दिवशी मी वह्या तपासत बसलेली असायची आणि तो आवाज इतका तोंडपाठ झाला होता की पुढचा शब्द माझ्याच ओठावर यायचा. ज्या माणसाला मी जन्मात बघितलं नाही, तो मध्येच कुठं खाकरतो तेसुद्धा मला ठाऊक होतं. कधी कधी आपा मोबाईल बंद करायच्या तरी मला वाटायचं, आवाज चालूच आहे.

मी शाळेत जायची तेव्हा मिनू आपांपाशी राहायची. दुसरं कोण होतं? आपा रोज तिच्या हातात काडी द्यायच्या, 'कलम' म्हणायच्या आणि वाट बघायच्या. मिनू काडी घट्ट धरायची, आपांकडं टक लावून बघायची, आणि काही बोलायची नाही. म्हणून आपाही हात सोडायच्या नाहीत. मी शाळेतून यायची तर दोघी तशाच बसलेल्या, एका काडीची दोन टोकं धरून. मला ते बघून कसंसंच व्हायचं. पण पोरगी शांत असायची आणि पोटभर जेवलेली असायची.

आता एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ज्याला आपांनी कलम दिलं असेल तो माणूस मेला, तर त्याच्या घरचे ते कलम परत आणून द्यायचे. फोन नाही, चिठ्ठी नाही. पांढऱ्या फडक्यात गुंडाळून आणायचे आणि काही न बोलता आपांच्या मांडीवर ठेवायचे. तेवढ्या एका वेळी कलम हातात द्यायचं नाही, कारण शब्द म्हणणारा माणूसच उरलेला नसतो. आपा ते उचलून स्वतःशीच 'कलम' म्हणायच्या, आणि काडी भुशाच्या डब्यात जायची. सुलतानपूरचा एक शिंपी वारला, तेव्हा त्याची म्हातारी आली होती. मी दारात उभी, मिनू आपांच्या बाजूला फतकल मारून बसलेली. म्हातारीनं फडकं उलगडलं, काडी मांडीवर ठेवली, आणि पाणीही न पिता निघून गेली. खोलीत कुणी रडलं नाही. वरच्या काड्या तेवढ्या हलत होत्या. मिनू सगळं बघत होती.

हे मी मुद्दाम सांगतेय. मिनूनं ते बघितलं होतं, हे मला स्वतःलाच अजून अधूनमधून सांगावं लागतं.

शिंप्याची म्हातारी येऊन गेल्यावर थोड्याच दिवसांनी मिनू बोलली. शाळा सकाळची होती, मी घरी आलेले. लाईट गेलेली. काड्या स्थिर. आपांनी नेहमीसारखी काडी पुढं केली, 'कलम' म्हणाल्या, आणि माझी पोरगी स्वच्छ आवाजात म्हणाली, "कलिन."

मी हातातलं ताट तसंच ठेवलं आणि धावले. बोलली! आई नाही, बाबा नाही, कलिन तर कलिन, पण बोलली. तिला उचलून मी खोलीभर नाचले. बोबडं कलमच म्हणतेय, मी म्हटलं. मग माझं आपांकडं लक्ष गेलं. त्यांचा रंग उडाला होता. पुन्हा म्हणायला सांग, म्हणाल्या. मिनू पुन्हा म्हणाली. आता मला ऐकू आलं. तो 'क' आपला नव्हता. घशाच्या तळातून, पडजिभेच्याही मागून काढलेला. आमच्या घरात, गल्लीत, तालुक्यात कुणी तसा क काढत नाही.

"हा माझ्याकडं नाही," आपा म्हणाल्या. "हा शब्द माझ्याकडं नाही बाई. इले कोणं सांगितला?"

शनिवारी नवरा आला. त्यानं मोबाईलवर शोधलं आणि हसत हसत वाचून दाखवलं, की सोमाली भाषेत पेनाला तसंच म्हणतात. मग त्यानंच नकाशा काढला, एडनच्या समोरचा किनारा सोमालियाचाच आहे हे बघितलं आणि हसायचा थांबला. योगायोग असतो, तो म्हणाला. मुलं काहीही आवाज काढतात. मी हो म्हटलं. पण त्या रात्रभर मी मिनूच्या तोंडाकडं बघत पडून होते, ती झोपेत ओठ हलवते का ते बघत. नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी खलाशांच्या कुठल्या तरी ग्रुपवर त्या पोराचं नाव आणि माझा नंबर टाकून ठेवला. काही उपयोग होईल असं आम्हाला वाटलं नव्हतं.

आपांनी नवी काडी छिलली आणि टांगली. त्यानंतर त्या बदलल्या. बाहेर जाणं बंद, स्टँड बंद. परदेशी माणसं दारावरून गेली तरी मान वळेना. आता सगळं लक्ष मिनूवर. सकाळी मी दार उघडायच्या आत त्या येऊन उभ्या असायच्या. तिले द्या. रविवारीही तिले द्या. आणि पोरगी त्यांच्याजवळ तो एक शब्द म्हणायची, माझ्याजवळ काही नाही. मी मांडीवर घेऊन किती विनवलं असेल. आई म्हण ग. माय म्हण. काहीही म्हण. ती माझ्याकडं बघायची तेव्हा वाटायचं, कुणी दुसरंच आतून बघतंय. स्वतःच्या पोटच्या पोरीची भीती वाटणं काय असतं, ते ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक. मी बदलीसाठी अर्ज दिला. साहेबांचे उंबरे झिजवले आणि शेगावच्या बाजूची शाळा पदरात पाडून घेतली.

आपांना सांगितलं, तेव्हा त्यांनी माझे दोन्ही हात धरले. एवढ्या जवळून त्यांनी मला कधी हात लावला नव्हता.

"एक महिना राहा," म्हणाल्या. "तुमची पोरगी बोलनच, आज ना उद्या. माझ्याकडं दुसरं तोंड नाही बाई. तो हाये का नाही, एवढंच मले तिच्याकडून कळू द्या."

मी म्हटलं, आपा, ती माझी मुलगी आहे, तुमचा टेलिफोन नाही. बोलल्यावर वाईट वाटलं. पण मी शब्द मागं घेतले नाहीत.

सामान टेम्पोत चढलं त्या दिवसाची गोष्ट. आपा मधल्या खोलीत खाली बसलेल्या. मिनूच्या हातात तिची काडी होती, ती तिचीच झाली होती, मी काही काढून घेतली नव्हती. निरोप घ्यायला मी तिला पुढं ढकललं. ती चालत गेली. आपांनी हात पुढं केला, नेहमीसारखा, काडीचं दुसरं टोक धरायला. मिनूनं काडी त्यांच्या हातात दिली नाही. ती वाकली आणि काडी त्यांच्या मांडीवर ठेवून, काही न बोलता, माझ्याकडं परत आली.

टेम्पोवाला बाहेरून हाका मारत होता. मी म्हटलं, आपा, तिनं त्या शिंप्याच्या म्हातारीचं बघितलंय, लहान आहे ती, नक्कल करते. आपांनी मान हलवली, जणू मी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत होते. काडी उचलली. 'कलम' म्हणाल्या, स्वतःशीच. मग उठून डब्याचं झाकण काढलं.

टेम्पोत मिनू माझ्या मांडीवर होती. मेहकर यायच्या आत ती म्हणाली, "आई, पाणी." नवरा मागं वळून बघायला लागला. मी तिला पाणी पाजलं आणि तोंडात पदर कोंबून रडले. आनंदानं रडले की आणखी कशानं, तेव्हा मला सांगता आलं नसतं. त्यानंतर तिचं तोंड बंद झालेलं नाही. आज तिला गप्प बसवायला आम्ही पैसे देतो.

लोणारहून बातम्या यायच्या. आपांनी पोराच्या नावानं मेलेल्यासाठीचा फातेहा पढला, गल्लीला जेवण घातलं. मौलाना समजवायला आले की मय्यत नाही, खबर नाही, असं करू नये. आपा म्हणाल्या, खबर आली. मोबाईलमधलं सिम काढून मोबाईल पेटीत टाकला, कारण गेलेल्याचा आवाज असा रोज रोज ऐकू नये. पोराबद्दल बोलायच्या त्या आता इतक्या मऊ, इतक्या गोड बोलायच्या, की शेजारीण मला म्हणाली, ऐकून अंगावर काटा येतो ग. आधी कशा शिव्या घालायच्या त्याला, फोन करत नाही म्हणून. आता जणू दुसऱ्या कुणाचा पोरगा.

वर्ष उलटलं असेल. शाळेत मधली सुट्टी होती. माझ्या मोबाईलवर कुठला तरी लांबलचक नंबर. मी उचलला. पलीकडं कुणी खाकरलं, आणि ते खाकरणं मला ठाऊक होतं. तो म्हणाला, त्यानं ग्रुपवर आमचा नंबर बघितला, अम्मीचा फोन लागत नाही, अम्मी कशी आहे. मी काय बोलले ते आठवत नाही. रजा टाकली, मिनूला बालवाडीतून उचललं आणि पहिल्या एसटीत बसले. त्याला सांगितलं होतं, बरोबर चार वाजता पुन्हा लाव.

आपा ओसरीवर मेथी निवडत होत्या. फार वाळल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, मेथी निवडत राहिल्या. फोन वाजला, मी स्पीकर लावला आणि त्यांच्यापुढं धरला.

"अम्मी," तो म्हणाला.

आपांनी निवडलेली मेथी बाजूला सारली. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, हे जुनंच असन, तुमी भरून आणलं असन कुठून. आवाज तसाच होता ना, तोच, दुपारी भिंतीतून यायचा तो. मलाही क्षणभर वाटलं की मी भिंतीपलीकडचंच ऐकतेय. तो अम्मी अम्मी करत राहिला. शेवटी आपांनी पुढं वाकून विचारलं, तू जिथं आहेस तिथं कलमाला काय म्हणतात? तो म्हणाला, कलिन. क तसाच, घशाच्या तळातून.

आपा मागं सरकल्या. ओसरीत एकदम गार वाटायला लागलं, एवढ्या उन्हात.

"हे मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मेलेलं माणूस जुनंच सांगते. त्याच्याजवळ नवीन काही नसते." मग त्यांनी मिनूला जवळ ओढलं. "तू सांग माय. हा कोण हाये?"

मिनू तेव्हा चार वर्षांची. मेथीच्या काड्या तोडत बसली होती. माझा जीव कानात आला. तिनं एकदा मोबाईलकडं बघितलं, एकदा आपांकडं.

"मले काय माहीत," ती म्हणाली आणि पुन्हा काड्या तोडायला लागली.

मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. आपा मात्र अशा बघत राहिल्या, जणू हातचा शेवटचा दोर सुटला. आता त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. मोबाईलमधून वाऱ्याचा आवाज येत होता, मागं कुणी माणसं बोलत होती. मग त्यांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला, पहिल्यांदाच, आणि तोंडाशी नेला.

"आजवर मी तुले शब्दच मागतले, ते माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "आता शब्द धाडू नको. तू असशीन तर ये."

मी स्क्रीनकडं बघितलं, फोन तुटला की काय. मग तो बोलायला लागला. आधी अडखळत, मग भराभर. येतो, म्हणाला, पण लगेच नाही जमणार. ताप आला होता म्हणून बंदरावर उतरवलं, जहाज निघून गेलं, मोबाईल त्यातच राहिला. कागद एजंटकडं अडकलेत. एजंट गावाला गेलाय. इथं एका गॅरेजमध्ये काम धरलंय, मालक चांगला आहे पण सोडत नाही. आणि फोन करायला लाज वाटत होती, इतके दिवस झाले म्हणून अजून लाज वाटत होती. या महिन्यात नाही, पुढच्या महिन्यात ईद आहे, ईदनंतर बघतो.

मी आपांकडं बघत होते. त्यांची मान हळूहळू वर आली. डोळे बारीक झाले, शाळेत गृहपाठ न केलेल्या पोराचं ऐकताना होत असतील तसे. तो बोलतच होता, पासपोर्टचं, पावसाचं, दात दुखतो त्याचं.

"सबब सांगून राह्यला," आपा माझ्याकडं वळून म्हणाल्या. "ऐकलं का बाई? सबब सांगून राह्यला. जित्ता हाये माझा पोरगा."

आणि मग त्या मोबाईलवर त्याला शिव्या घालायला लागल्या. खालची पट्टी कुठल्या कुठं गेली. सगळी गल्ली दारात आली, आणि आपा रडत रडत त्याला विचारत होत्या, कोणाचा एजंट, कायचा दात, लाज वाटत नाही का रे तुले.